हंसिणीचं दुसरं बाळंतपण

आमच्या महाडच्या घरात मी सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण होतं म्हणून नव्हे, रीतच तशी होती. सुनेने सासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि थेट बोलायचं तर नाहीच नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं. मामंजी तिथेच हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, तरी सासूबाईंनी ते त्यांना पुन्हा सांगायचं आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. सासूबाई घरात नसल्या तर मांजर होती. "मने, आंघोळीचं पाणी तापलंय गो," असं मी मांजरीला म्हणायची, आणि मामंजी पंचा घेऊन उठायचे. त्यांना चहाची तलफ आली की ते म्हणायचे, "मने, या घरात आज चहा होणार आहे की नाही?" लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्या घरात लेक नव्हती, म्हणून ते काम मनीकडे आलं होतं. ती ते झोपूनच करायची.

मामंजी हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. मूळचे आमच्यासारखेच डोंगरातले, पण पुण्याला ट्रेनिंग घेऊन आले तेव्हापासून त्यांच्या जिभेवरून डोंगर उतरला होता. घरात कुणी 'नाय' नाहीतर 'हाय' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ते सुधारक होते. ग्रहणात जेवायचे, मांजर आडवी गेली तरी पुढे जायचे (आमच्याकडे ती आडवी पडलेलीच असायची), गावातलं वाचनालय त्यांच्याच खटपटीने उभं राहिलं होतं आणि तिथे दर महिन्याला त्यांचं व्याख्यान व्हायचं. जगातल्या सगळ्या रूढींवर ते बोलून झाले होते. सुनेशी मांजरीमार्फत बोलण्याची रूढी तेवढी विषयपत्रिकेवर यायची राहिली होती.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला, मूठभर घरांची वाडी. मला सून करून घेताना मामंजी माझ्या वडिलांना म्हणाले होते की डोंगरातल्या मुली कणखर असतात. वडिलांना ते कौतुक वाटलं. मला त्याचा अर्थ सासरी आल्यावर विहिरीवरचे हंडे बघून कळला.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत कोणी घालून दिली ठाऊक नाही, पण जिने घातली ती बाईच असणार. सातव्या महिन्यात आई न्यायला येते आणि पोर दोन-तीन महिन्यांचं झालं की लेक परत सासरी जाते. माझी आईही आली होती. पोलादपूरला डोली सांगून, डोक्यावर गाठोडं घेऊन, आमच्या ओटीच्या पायरीशी येऊन बसली. मामंजींनी तिला चहा दिला आणि त्याबरोबर व्याख्यान दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी ही खुळचट रूढी आहे. महाडात दवाखाना आहे, डॉक्टर आहे, मोटारीचा रस्ता आहे. वर काय आहे? दगड आणि सुईण.

आई म्हणाली, "दगड हायेत. पर साचलेला पानी नाय, मास्तर, नि ताप नाय."

पण हे विज्ञानात बसत नव्हतं. आई चहा पिऊन परत गेली, व्याख्यान तिने तिथेच ठेवलं.

तर आषाढात मी महाडात बाळंत झाले. ज्या डॉक्टरसाठी मला ठेवून घेतलं होतं त्याला कुणी बोलावलं नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष कसा येणार? तेवढी सुधारणा अजून व्हायची होती. सुईणच आली. वरची असती तर ती अडाणी ठरली असती. ही महाडची होती, एवढाच फरक. मुलगा झाला. मामंजींनी पेढे वाटले आणि वाचनालयात रूढी मोडल्याचं सांगून टाळ्या घेतल्या.

श्रावणात सावित्री आणि गांधारी दोघी एकदम चढल्या. महाडला पूर नवा नाही, पाहुणा यावा तसा तो यायचा आणि आम्ही माळ्यावर चढून बसायचो. त्या वेळी मी पोराला पदरात घेऊन माळ्यावर बसले, खाली आमच्या चुलीवरून पाणी वाहत होतं. पाणी उतरलं, चिखल राहिला, चिखलात डास झाले आणि डासांमागून हिवताप आला. दवाखान्यातले डॉक्टर स्वतः तापाने फणफणत पडले होते. माझा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला. बारसं झालं होतं, नाव ठेवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही.

मामंजी त्यावर काही बोलले नाहीत. मांजरीलाही काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्याचं व्याख्यान आरोग्यावर होतं, ते मात्र झालं.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. थंडी पडली होती. नदीकाठच्या आमच्या शेतात भात निघाल्यावर वाल टाकला होता आणि तो हातभर वर आला होता. एके सकाळी आमचा गडी धावत आला आणि वालात बदकं उतरल्याचं सांगू लागला. मामंजी छत्री घेऊन बदकं हाकायला गेले, ते तासाभराने छत्री काखेत मारून, चेहरा उजळून परत आले. सासूबाईंना म्हणाले, "बदकं नव्हेत. हंस आहेत. थेट हिमालयापलीकडून आलेले."

आम्ही बायका पण बघून आलो. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या, पिवळी चोच. थवाच्या थवा माना खाली घालून आमचा वाल कातरत होता. हंस मोती खातात असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. महाडच्या बाजारात मोती मिळत नव्हते, तेव्हा ते बिचारे वालावर भागवत होते.

दोन दिवसांत सगळं गाव बांधावर जमलं. कुणी हळदकुंकू वाहिलं. एका बाईने दूध आणि पाणी एकत्र करून पितळी बांधावर ठेवली, हंस त्यातलं दूध तेवढं पितो की नाही ते बघायला. हंस तिकडे फिरकले नाहीत. गावातल्या एका कुत्र्याने ते दूध पाण्यापासून वेगळं न करता पिऊन टाकलं. मामंजींची पंचाईत झाली होती. हाकावं तर गाव म्हणणार, मास्तरांनी मानसरोवराचे हंस हाकलले. न हाकावं तर शेत जाणार. पण मानसरोवर सोडून हंस आपल्याच शेतात उतरले हा मान थोडा नव्हता. त्यांनी हंस ठेवून घेतले.

सासूबाई म्हणाल्या, "वाल सगळा चाललाय. यंदा पोपटीला शेंग मिळायची नाही." पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरून, ते उलटं ठेवून वर जाळ करायचा. थंडीत आमच्या भागात तेवढीच चैन असते.

मामंजी म्हणाले, "ज्ञानापुढे पोपटी काय घेऊन बसलात?"

मोहल्ल्यातले सुभेदार त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, बोलायला बसले की अर्धं खरं आणि अर्धं त्याहून चांगलं सांगायचे. त्यांनी बांधावर उभं राहून थवा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "चवीला बरे असतात, मास्तर." मामंजी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्या काळात मनीलाही त्यांच्याबद्दल बरंच ऐकावं लागलं.

त्याच सुमाराला मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं होतं. दिवाळीत आमचे हे मुंबईहून आले होते, गोदीतल्या एका कचेरीत कारकून होते. बाळंतपणाला आषाढ येणार होता, पुन्हा आषाढच. मी सरळ सांगते, मला भीती वाटत होती. रांधताना, भांडी घासताना, हसताना पण वाटत होती. माळ्याच्या शिडीकडे मी बघायचंच टाळायची. या घरात, त्याच पावसाळ्यात, त्याच पाण्यावर दुसरं मूल मला वाढवायचं नव्हतं. मला वर जायचं होतं, बस्स, आणखी काही मागणं नव्हतं.

वाडीतला एक माणूस बाजाराला आला तेव्हा त्याच्या हाती आईने निरोप धाडला, सातव्यात न्यायला येते. सासूबाईंनी तो मामंजींच्या कानावर घातला. मी दाराआड होते.

मामंजी म्हणाले, "पहिलं माहेरी, दुसरं सासरी. अशी रीत आहे. दुसऱ्या खेपेला सून माहेरी धाडली तर लोक म्हणतील मास्तरांना सुनेला जेवायला घालवत नाही."

मी ते मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेला रीत मोडायची होती म्हणून मी महाडात. दुसऱ्या खेपेला रीत पाळायची आहे म्हणून मी महाडात. रीत मोडा नाहीतर पाळा, माझं बूड काही महाडातून हलत नव्हतं. शिवाय माझं 'पहिलं' झालंय असं धरलं होतं. ज्याचं काही उरलं नाही तेही मोजणीत धरतात, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बघू." शिमग्याला हे आले, त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाबा म्हणतील तसं." मुंबईहून त्यांनी माझ्यासाठी वासाचा साबण आणला होता. मत आणलं नव्हतं.

शिमगा झाला, उन्हं तापली, आणि एके दिवशी वाल ओसाड दिसला. हंस गेले होते. शेतात खुंट आणि विष्ठा तेवढी ठेवून गेले. गाव हळहळलं. मामंजींना मात्र हुरूप आला, कारण मुंबईहून त्यांनी पक्ष्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं होतं आणि ते नुकतंच वाचून झालं होतं. त्या संध्याकाळी ओटीवर वाचनालयातली मंडळी जमली, सुभेदारांशीही बोलणं सुरू झालेलं होतं. मी आणि सासूबाई माजघरात चहा करत होतो. मनी माजघराच्या उंबऱ्यावर, अर्धी आत अर्धी बाहेर, पसरली होती.

बाजारातल्या एका किराणावाल्याने विचारलं, "मास्तर, इथे त्यांना काय कमी होतं? ऊब होती, पाणी होतं, तुमचा वाल होता. मग अंडी घालायला तिकडे बर्फात कशाला जातात? हे म्हणजे भरल्या ताटावरून उठून उपाशी झोपायला जाणं झालं."

मामंजींनी चष्मा पुसला. चष्मा पुसला की व्याख्यान लांबायचं. ते म्हणाले, "तुम्ही मोठ्या पाखराचा विचार करताय. पिल्लाचा करा. हिमालयापलीकडे उंचावर मोठमोठी तळी आहेत. थंडीत ती गोठलेली असतात, तिथे तेव्हा कुणी राहत नाही. वैशाख-ज्येष्ठात बर्फ वितळतं, आणि काठाला कोवळं गवत फुटतं. अगदी कोवळं, पिल्लाच्या चोचीला जमेल असं. आईला भरवावं लागत नाही, पिल्लू अंड्यातून निघालं की स्वतः चरायला लागतं. दिवस मोठे असतात, तेव्हा दिवसभर चरतं. आणि मुख्य म्हणजे त्या तळ्यांत मधे बेटं असतात."

सुभेदारांना राहवेना. "मी पाहिलंय," ते म्हणाले. "लडाखच्या पलीकडे आमची तुकडी साहेबाच्या मोजणीबरोबर होती. तळं एवढं की पलीकडचा काठ दिसेना. मधल्या बेटावर अंडीच अंडी, पाय ठेवायला जागा नाही. आणि काठावर कोल्हा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काठाकाठाने फिरतोय, बेटाकडे बघतोय आणि पाण्यात पाय घालून मागे घेतोय. साहेब म्हणाला, सुभेदार, हा कोल्हा माझ्यासारखाच आहे, मलाही बढती मिळत नाही."

मंडळी हसली. किराणावाला चिवट होता. "पण तिथे हवा विरळ, गारठा, वारा. हे कसलं बाळंतपण?"

"सुखासाठी कोण जातंय?" मामंजी म्हणाले. "वर सुख नाहीच. पण वर खाणारे कमी. इथे खाली बघा. सगळं आहे, पण ते सगळ्यांसाठी आहे. कोल्ह्यासाठी आहे, घारीसाठी आहे, डासासाठी आहे. इथे घरटं केलं तर उन्हाळ्यात अंडी भाजतील, पावसाळ्यात पूर आला की घरटं वाहून जाईल, आणि पुरातून वाचलं तर साचलेल्या पाण्याचे रोग आहेतच. मोठ्यांचं पोट कुठेही भरतं हो. पिल्लू वाढवायला जागा निवडावी लागते. एवढं त्या पाखराला कळतं." आणि मंडळींना मान डोलवायला वेळ मिळावा म्हणून ते थांबले.

मी चहाचं तबक घेऊन दारापर्यंत आले होते. तबकात कप किणकिणत होते. पुढे काय होईल याचा मी विचार केला नाही. केला असता तर बोलले नसते.

"मने," मी म्हटलं, आणि ओटीच्या टोकापर्यंत जाईल एवढा आवाज काढला. "ऐकलंस ना गो? आता समज, त्या हंसिणीचं पहिलं पिल्लू इथेच खाली झालं, आणि पुराने नि तापाने गेलं. दुसऱ्या खेपेला ती वर निघाली, तर तिला कोण अडवतं का गो, की तुझं पहिलं झालं, आता दुसरं सासरीच? त्यांच्यात हेडमास्तर नसतात वाटतं."

मनीने एक कान फिरवला. मग सुभेदारांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मास्तर, मांजरीने मुद्दा बरोबर धरलाय."

मामंजींनी चष्मा काढून डब्यात ठेवला. "मने," ते म्हणाले, "सभा संपली."

मला वाटलं आता सासूबाई माझी खरडपट्टी काढणार. त्यांनी माझ्या हातातलं तबक घेतलं, स्वतः ओटीवर नेलं, प्रत्येकापुढे कप ठेवला आणि मामंजींना म्हणाल्या, "तुमचा निवतोय." परत आल्या त्या माझ्याकडे न बघता पीठ मळायला बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझा मुलगा त्यांचाही नातू होता, हे मी माझ्या दुःखात विसरले होते.

मग घरात अबोला पडला. मांजरीशीसुद्धा. मामंजींना चहा हवा असला की ते नुसतं खाकरायचे. पण सुभेदारांचं तोंड कुणी बांधलं नव्हतं. चार दिवसांत गोष्ट बाजारभर झाली, आणि सांगताना सुभेदारांनी मनीच्या तोंडी आणखी दोन वाक्यं घातली, ती माझ्यापेक्षा बरी होती. मामंजी भाजी आणायला गेले की भाजीवाली विचारायची, "मास्तर, सूनबाय कधी निघते मानसरोवराला?" न्हाव्याने विचारलं. वाचनालयात शिपायाने विचारलं. हेडमास्तराला सगळं सोसतं, हसं सोसत नाही.

पुढच्या व्याख्यानात मामंजींनी जाहीर केलं की निसर्गाचं निरीक्षण करून, पूर्ण विचारांती, त्यांनी आपल्या सुनेला प्रसूतीसाठी उंच आणि निरोगी जागी पाठवायचं ठरवलं आहे, आणि इतरांनीही हा कित्ता गिरवावा. दुसरं सासरी ही खुळचट रूढी आहे असंही ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मला वर जायला मिळत होतं, टाळ्या कुणी का घेईना.

वैशाखात मी निघाले. पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार होती. मामंजी स्वतः पोचवायला आले, पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, सासूबाई आणि मी मागे. गरोदर बाईने नदी ओलांडू नये म्हणतात, आणि वाटेत सावित्रीवरचा नवा पूल होता. पुलावर मामंजींनी मोटार थांबवली, पिशवीतून नारळ काढला आणि नदीत टाकला. मागे वळून सासूबाईंना म्हणाले, "इंजिन तापलं होतं, म्हणून थांबवली." सासूबाई 'बरं' म्हणाल्या.

पोलादपूरला आई डोलीवाल्यांना घेऊन उभी होती. तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग मामंजींना म्हणाली, "वर चला, मास्तर, च्या घेऊन जा. दगड हायेत तिथंच हायेत." मामंजींनी चहाला नाही म्हटलं आणि पुढच्या मोटारीची वाट बघत उन्हात उभे राहिले.

वर सुख नव्हतं, हे मी आधीच सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी माहेरचे गोडवे गातेय. आषाढात आमच्या वाडीत धुकं घरात शिरायचं, कोण कुठे बसलंय ते आवाजावरून ओळखायचं. मिठाचं पाणी व्हायचं. लुगडी चुलीवर वाळत घालायची, त्यामुळे सगळ्यांना धुराचा वास. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, दुसऱ्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. एकदा बिबट्या शेजारच्यांची शेळी घेऊन गेला. पण पाणी साचत नव्हतं. पडेल तेवढं पाणी धावत खाली जायचं, महाडला. मी दारात बसून ते बघायची आणि मला बरं वाटायचं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं, कारण खाली सासूबाई होत्या.

आषाढ सरता सरता मुलगी झाली. सुईण अडाणीच होती. आईने पोर कपड्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिली आणि म्हणाली, "पोरगी हाय गो. आवाज मोठा हाय." मी तिची बोटं बघत पडून राहिले. त्या रात्रीपासून रोज सकाळी उठल्यावर मी आधी तिच्या कपाळाला हात लावायची. ताप नसायचा. तरी लावायची.

खाली त्या वर्षीही पूर आला. गाठोडी घेऊन बाजाराहून परत येणारी माणसं सांगायची, तुमच्या घरात कोनाड्यापर्यंत पाणी, मास्तर आणि मास्तरीण माळ्यावर. मग ताप. आमच्या आळीतल्या दोन घरांतले पाळणे रिकामे झाले. त्या दोन्ही बाया मला चांगल्या माहीत होत्या. एकीने मला डोहाळजेवणाला हिरवी साडी दिली होती.

दसरा झाल्यावर मी मुलीला घेऊन महाडला उतरले. पुढे सांगून टाकते, ते हंस पुन्हा कधी आले नाहीत. मामंजी दर वर्षी नदीकाठी वाल टाकायचे, तो आम्ही पोटभर खायचो, पोपटी व्हायची, आणि मामंजी शेंग सोलता सोलता आभाळाकडे बघायचे. सुभेदार म्हणायचे, एका वर्षाच्या ओळखीवर कोण येतं परत.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. मी घरी पोचले, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीला बघून पदर तोंडाला लावला आणि पाणी तापवायला मागच्या पडवीत गेल्या. माजघराच्या भिंतीवर पुराची चिखलाची रेघ अजून होती. मी मुलीला घेऊन दाराआड उभी होते. पलीकडे ओटीवर मामंजी एकटे होते. उंबऱ्यावर मनी होती.

वर असताना मी बोलणं तयार करून ठेवलं होतं. रोज त्याला धार लावत होते. मांजरीला सांगणार होते, की बघ मने, शास्त्रीय बाळंतपण कसं झालं ते, आणि पहिलं अशास्त्रीय कसं झालं तेही आठव. दोन वर्षं ते माझ्या छातीवर होतं. ते त्यांना लागावं अशी माझी इच्छा होती. खोटं कशाला बोलू?

मी तोंड उघडायच्या आत मामंजी बोलले. आवाज इतका खाली होता की आधी मला कुणी दुसरंच आलंय असं वाटलं.

"मने," ते म्हणाले, "पयल्याला मीच खाली ठेवला गो. तिची आई न्यायला आली व्हती. मीच नाय धाडला."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'नाय' ऐकलं नव्हतं. मनीने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. उत्तर माझ्याकडे होतं, तयार, धार लावलेलं. मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. तेव्हा केलं नाही, आणि आता ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी पुरतं केलंय असं म्हणवत नाही. पण ते बोलणं माझ्या तोंडातून निघालं नाही.

मी मनीला ओलांडून ओटीवर गेले. सासऱ्यांसमोर उभं राहायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी वर बघितलं आणि घाईने चष्मा शोधू लागले, तो डोळ्यांवरच होता. मी वाकून मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात पुढे केले, पण कुठे धरायचं ते त्यांना कळेना. इतकी पोरं शिकवली, इतकं लहान कधी हातात घेतलं नसावं.

"मान धरा, मामंजी," मी म्हटलं. "तिला अजून सावरत नाही."

त्यांनी हात खाली घालून तिची मान धरली.